आरक्षण पडलेली जमीन ही न घेताच घेतलेली जमीन नव्हे काय?

धागाकर्ता : आमच्या चार गुंठ्यांवर विकास आराखड्यात मैदानाचे आरक्षण पडून (म्हणजे ती मैदानासाठी राखून ठेवून) १४ वर्षे झाली. सातबाऱ्यावर नाव आमचे आणि करही आम्हीच भरतो, परंतु पत्र्याच्या शेडसाठी अर्ज केला की झोन दाखल्यावर (जमिनीचा आराखड्यातील वापर सांगणाऱ्या दाखल्यावर) बोट ठेवून तो परत केला जातो. ताबा घेतलेला नाही, म्हणून भरपाईही नाही. राज्यघटनेचे कलम ३००-अ कायद्याच्या आधाराविना कोणालाही मालमत्तेपासून वंचित करू देत नाही. पण वंचित करणे म्हणजे केवळ ताबा काढून घेणे, असा अर्थ लावल्यास हे संरक्षण कागदावरच राहते.

प्रतिसाद १ : असहमत. विमानतळाजवळील उंचीच्या मर्यादेनेही जमिनीचे मोल घटते. अशा प्रत्येक निर्बंधाची भरपाई द्यायची झाल्यास कोणतीही नगरपालिका आराखडाच करू शकणार नाही. शिवाय महाराष्ट्राच्या १९६६च्या नगररचना अधिनियमातील कलम १२७ने वाट ठेवली आहेच : दहा वर्षांत संपादन न झाल्यास मालकाने प्राधिकरणाला सूचना (नोटीस) द्यावी, आणि त्यानंतर २४ महिन्यांत कार्यवाही न झाल्यास आरक्षण व्यपगत होते, म्हणजे संपते. आपण सूचना दिली का?

धागाकर्ता : आता देत आहोत. पण ही मुदत मुळात ६ महिन्यांची होती. २००९मध्ये ती १२ आणि २०१५मध्ये २४ महिने झाली. दिरंगाई त्यांची, मुदतवाढही त्यांनाच!

प्रतिसाद २ : येथे सोलापूरची आठवण होते. १९५०मध्ये सरकारने तेथील सूतगिरणी-कापड कंपनीचे व्यवस्थापन हाती घेतले, तेव्हा भागधारकांची मालकी कागदावर शाबूत होती; तरीही द्वारकादास श्रीनिवास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे भरपाईविना वंचित करणेच ठरवले. त्यावर १९५५च्या चौथ्या घटनादुरुस्तीने, मालकी वा ताब्याचा हक्क शासनाकडे न गेल्यास ते सक्तीचे संपादन मानू नये, अशी तरतूद आली. १९७८च्या दुरुस्तीने राज्यघटनेतील सक्तीच्या संपादनाविषयीचे कलम ३१ गेले, त्याबरोबर तीही गेली. माझ्या मते दहा वर्षांच्या थांबण्याचेही मोल द्यायला हवे, निदान तेवढ्या काळाचा कर तरी माफ व्हावा.

प्रतिसाद १ : गिरणीचा कारभारच काढून घेतला होता, आपल्या जमिनीत आजही भाजीपाला पिकवता येतो. करमाफी मान्य, भरपाई नाही.

धागाकर्ता : चहूबाजूंनी इमारती उठल्या आहेत आणि विहीर बुजली आहे, पिकवायचे कशाच्या पाण्यावर?