मार्क टूमधलं बाकडं काढून बकेट सीट: सुधारणा की तोडफोड?

बिंदू_चौक

परवा आपल्या जुन्या गाड्यांच्या ग्रुपवर एकाने १९७० च्या अॅम्बॅसिडर मार्क टूचे फोटो टाकले. रंगकाम झकास, क्रोम चकाचक, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण पुढचं अख्खं बाकडं, म्हणजे तिघांची सलग सीट, भंगारात घातलं, ती धरणारे फ्लोरवरचे ओरिजिनल माउंट ग्राइंडरने उडवले आणि स्क्रॅपमधून आणलेल्या हॅचबॅकच्या दोन काळ्या बकेट सीट, म्हणजे एकेकट्याच्या खोलगट सीट, ठोकल्या. वर लिहिलंय, ‘आता कुठं गाडी गाडीसारखी वाटते. ओरिजिनल-ओरिजिनल करणाऱ्यांनी म्युझियम काढावं.’ खाली सगळे ‘नाद खुळा’ लिहून मोकळे. दोन ओळींत उत्तर देऊन माझं भागणार नव्हतं, म्हणून हा वेगळा धागा.

अॅम्बीत गिअरचा दांडा स्टिअरिंगला आहे, दोघांच्या मध्ये काही येत नाही. गुजरीत गाडी उजवीकडे भिंतीला खेटवून लावली तरी ड्रायव्हर सरकत डाव्या दारानं उतरतो. ते स्टिअरिंगचं मोठं चाक, काचेची उंची, डॅशबोर्ड, सगळं त्या सलग बैठकीला धरून आखलंय. आजची सीट तिच्या रेलसकट (पुढेमागे सरकवायच्या पट्ट्यांसकट) ठेवली की बैठक वर येते. चाक मांडीला घासतं, डोकं छताला लागतं. मग काय करतात? फ्लोर कापून सीट खाली घेतात. आणि अॅम्बीला वेगळी चासी नाही. ज्या मॉरिस ऑक्सफर्डवरून ती घेतली, तिच्यासारखीच ती मोनोकॉक आहे, म्हणजे बॉडीचं शेल हाच सांगाडा. पुढच्या सस्पेन्शनचे टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारे दांडे) मागे जाऊन फ्लोरखालच्या क्रॉस मेंबरला धरलेत. तिथं ग्राइंडर चालवायचा म्हणजे गाडीच्या कण्यावरच घाव घालायचा.

बाकड्यावर पाठ दुखते म्हणून बकेट, असं म्हणता ना? बाकडं उलटं करून तरट फाडून बघा. आत स्प्रिंगा तुटलेल्या, काथ्याचा भुगा झालेला, वर कुणीतरी चार इंची स्वस्त फोम कोंबलेला. त्यावर बसून पाठ दुखणारच. स्प्रिंगा बदला, नवीन काथ्या भरा, रेक्झिनला पायपिंग करून घ्या आणि मग बोला.

दसरा चौकात शाही दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक बघायला सगळं कोल्हापूर लोटतं. तिच्यात कुणी बकेट सीट घातल्या तर चालेल का तुम्हाला?

गगनबावडा_लाइन

मेबॅक वर्षातून एकदा निघते हो. आमची अॅम्बी रोज निघते. त्या राजेशाही गाडीशी तुलना करून आमच्यासारख्यांना गप्प बसवू नका.

मी करूळ घाट त्या बाकड्यावरून उतरलोय, स्प्रिंगा नव्या करून, रेक्झिन नवं करून. प्रत्येक वळणाला ड्रायव्हर एकतर दाराकडं घसरतो, नाहीतर शेजारच्याच्या अंगावर. पकडायला असतं काय, तर स्टिअरिंग. म्हणजे ज्यानं गाडी वळवायची त्यालाच लोंबकळायचं. माझी कमरेच्या मणक्यातली एल-फोर एल-फाइव्हची चकती सरकलेली आहे, डॉक्टरांनी कमरेला दोन्ही बाजूंनी आधार हवा असं स्पष्ट सांगितलंय. बाकड्याला बाजूचा आधार कुठाय?

आणि मानेचं काय? बाकड्याची पाठ खांद्यापाशी संपते. तावडे हॉटेलच्या सिग्नलला मागून ट्रकनं नुसता धक्का दिला तरी मान मागे जाणार. माझ्या मेव्हण्याचं असंच झालं, महिनोन्‌महिने पट्टा लावून फिरत होता बिचारा. काथ्या आणि पायपिंग घेऊन काय करायचं मग?

बिंदू_चौक

मेव्हण्यांचं वाईट वाटलं. पण बाकड्याच्या चौकटीत बसणारी डोक्याची उशी करून मिळते, मी स्वतः बघितली आहे. मानेसाठी आख्खं फ्लोर कापायची गरज नाही.

राजारामपुरीची_सून

दादा, तुम्ही सगळे उंचपुरे दिसता. मी जेमतेम पाच फूट. सासऱ्यांची मार्क फोर आता मीच चालवते. बाकडं सलग असल्यामुळे मी क्लचपर्यंत पाय पोचावा म्हणून पुढे घेतलं की शेजारी बसलेल्या मामंजींचे गुडघे डॅशबोर्डला टेकतात. त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. त्यांना जागा द्यायची तर मी पाठीमागे दोन लोड घेऊन बसायचं. लोड सरकला की ब्रेक पूर्ण दाबला जात नाही. पन्हाळ्याच्या उतारावर हे एकदा झालं तेव्हा अंगाला घाम फुटला होता. ओरिजिनलच्या चर्चेत बायका गाडी चालवतात हे कुणाच्या लक्षातच येत नाही.

आणि बकेट सीट म्हणजे अॅम्बॅसिडरला बाट लागला असं बोलताय, तर ९० च्या दशकात खुद्द हिंदुस्थान मोटर्सनेच अॅम्बीच्या अठराशे आयएसझेड मॉडेलला फ्लोर गिअर (स्टिअरिंगऐवजी खाली दांडा) दिला आणि बकेट सीटचा पर्यायही दिला होता. कंपनीला चालतं ते आपल्याला का चालू नये?

बिंदू_चौक

ताई, गुडघ्यांचा मुद्दा बिनतोड आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. आयएसझेडचं मात्र मान्य नाही. तिथं कंपनीनं गिअरच खाली घेतला, त्याला धरून सीट दिली. आयएसझेडच्याच सीट मिळवून, जुन्या भोकांत बसतील अशी फ्रेम करून लावल्या तर मी एक शब्द बोलणार नाही. पण हॅचबॅकच्या?

उद्यमनगरी_वेल्डर

दोन्ही पार्ट्या वरनंच बोलालाय. रेक्झिन सगळी बघत्यात, गाडीखाली वाकून कोण बघत न्हाई.

बाकड्याला कंपनीनं जे माउंट दिलं ते बसलेल्या माणसांचं वजन धरायला. बेल्ट तवा नव्हताच. आताच्या सीटला बेल्टचं बक्कल बऱ्याचदा सीटच्याच फ्रेमला असतंय. म्हणजे गाडी आदळली की माणसाचा सगळा झटका बक्कलमधनं सीटला, सीटमधनं चार बोल्टांना आणि बोल्टांतनं पत्र्याला. २० जी, म्हणजे वजनाच्या वीसपट झटका धरा, ७० किलोच्या माणसाचा १,४०० किलोच्या घरात भार येतो. अन् पत्रा कसला, तर पन्नास पावसाळे खाल्लेला. साधं वॉशर लावून बोल्ट आवळला असला तर वॉशरसकट वर येतोय. खालनं प्लेट पायजे, तळहाताएवढी तरी, कडा घासून गोल केलेल्या, न्हाईतर कडच पत्रा फाडती. बेल्टचा बोल्ट सात-सोळांश इंचाचाच पायजे, हार्डवेअरच्या दुकानातला कसलापण चालत न्हाई.

आणखी एक. स्क्रॅपची सीट घेताना कडंला एअरबॅगचा टॅग हाय का बघा. साइड एअरबॅग जिवंत असली आणि तुम्ही तिच्याशेजारी वेल्डिंग कराय बसला तर काय होईल ते मी सांगायला नको.

काम नीट केलं तर बकेट चांगली. पण असलं काम मागणारं गिऱ्हाईक कमी. ‘आज टाकतो, परवा लग्नाला गाडी पायजे’ म्हणणारं जास्त.

शाहूपुरीकर_जुना

वेल्डरसाहेब, गिऱ्हाइकावर ढकलू नका. माझी मार्क टू एका गॅरेजात दिली होती, नाव घेत नाही. फक्त सीटचं रेक्झिन बदलायचं ठरलं होतं. गाडी आणायला गेलो तर बाकडं नाही, रेल नाहीत, पुढचं क्रोमचं बीडिंगही (कडेची पट्टी) नाही. म्हणे, ‘सगळं कुजलं होतं, टाकून दिलं, तुम्हाला चांगल्या बकेट टाकून दिल्यात.’ ते बाकडं माझ्या वडिलांनी घेतलेलं होतं. नंतर त्याच गॅरेजमधून तसलंच बीडिंग दुसऱ्या गाडीला लागलेलं मी डोळ्यांनी बघितलं. कुजलं होतं तर लागलं कसं?

काढलेला माल मालकाचा. कुजलेला असो, तुटलेला असो, पोत्यात भरून मालकाच्या दारात ठेवायचा. ही साधी गोष्ट आपल्याकडे पाळली जात नाही आणि सगळे बकेट-बाकडं करत बसलेत.

उद्यमनगरी_वेल्डर

एकानं केलं म्हणून अख्ख्या उद्यमनगरला चोर म्हणू नका, आधीच सांगतो. तुमच्यासारखी दहा गिऱ्हाइकं जुना माल गॅरेजातच टाकून जात्यात. फोन केला तर ‘राहू दे तिथंच’. जागेचं भाडं आम्ही भरायचं? पावसाळ्यात त्या कुशनमधी उंदरं घर करत्यात. मग भंगारवाल्याला दिलं की आम्ही चोर!

शाहूपुरीकर_जुना

मी टाकून गेलो नव्हतो. मला विचारलंच नव्हतं. दोन्हीत फरक आहे की नाही?

उद्यमनगरी_वेल्डर

हाय. विचारायलाच पायजे. पण मग जॉब कार्डावर लिहून सही करायला सांगितली की गिऱ्हाईक म्हणतंय, ‘आपल्यात कसली सही’. नंतर भांडायला हेच पहिले.

गगनबावडा_लाइन

सहीचा मुद्दा बरोबर. माझ्या गॅरेजवाल्यानं काढलेल्या प्रत्येक वस्तूचा फोटो काढून व्हॉट्सअॅपवर टाकला होता. बाकडं माझ्या माळ्यावर आहे, कापडात गुंडाळून. मी विकलेलं नाही आणि विकणारही नाही.

शाहूपुरीकर_जुना

नशीबवान आहात. आता तसलं बाकडं मला कुठं मिळणार ते सांगा. २०१४ ला अॅम्बीचा उत्तरपाड्याचा कारखानाच बंद पडला. मी पुण्या-मुंबईचे जुने बाजार पालथे घातले. मिळतं ते मार्क फोरचं किंवा डिझेल टॅक्सीतलं, चौकट वाकलेलं. पैसे देऊनही जे परत मिळत नाही ते असं सहज फेकतात याचा राग येतो मला.

कागदवाला_शून्यनऊ

तुमचं भांडण चालू द्या, पण एक बाजू कुणी मांडलीच नाही. जुलै २०२१ ची केंद्राची व्हिंटेज अधिसूचना वाचा. ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात ठेवलेली, मोठे फेरफार न झालेली गाडी व्हिंटेज धरतात. मोठे फेरफार म्हणजे चासी, बॉडी शेल किंवा इंजिनातला बदल. नवीन नोंदणी २०,००० रुपये, पुनर्नोंदणी ५,०००, मुदत १० वर्षं, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं. सीटचा त्यात उल्लेख नाही, म्हणून बकेटवाले खूश होतील. पण बिंदू चौकांनी वर सांगितलं तसं अॅम्बीचं फ्लोर हाच बॉडी शेलचा भाग. ते कापलं की ‘सीटच तर बदलली’ ही सबब टिकणं अवघड.

दुसरं, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, गाडीतल्या फेरफारांचं. आरसीवर आसनक्षमता लिहिलेली असते. पुढची तिघांची जागा दोघांची केली आणि आरसी तशीच ठेवली, तर कागद आणि गाडी जुळणार नाही.

गगनबावडा_लाइन

व्हिंटेज नंबर घेतला की गाडी रोज वापरता येत नाही हेही सांगा की. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती, एवढ्यालाच रस्त्यावर. मला तो नंबर नकोच. मला गाडी चालवायची आहे.

कागदवाला_शून्यनऊ

बरोबर, ते राहिलं. मग साध्या नंबरावर चालवा, पण कलम ५२ तिथंही आहेच.

राजारामपुरीची_सून

१९९४ च्या आधीच्या गाडीला पुढचे बेल्ट कंपनीनं दिलेले असण्याची सक्ती नाही, एवढंच ऐकून आमच्याकडे सगळे निवांत होते. माझी मुलगी पुढे मध्ये बसायचा हट्ट धरते, कारण तिच्या बाबांचं लहानपण त्याच जागेवर गेलं. जोतिबाला जाताना आजी-आजोबांच्या मध्ये बसल्याचे फोटो आहेत घरात. मला ते फोटो आवडतात. पण मी तिला तिथं बसवत नाही. बेल्ट नाही, समोर पत्र्याचा डॅशबोर्ड आहे. तिघांची जागा गेली म्हणून ज्यांना वाईट वाटतं त्यांनी त्या मधल्या जागेवर आज आपलं पोर बसवून हायवेला न्यावं.

बिंदू_चौक

नाही नेणार. हे मान्य करायला जड जातंय, पण नाही नेणार.

तरी मूळ मुद्दा सोडत नाही. सीट बदला, बेल्ट लावा, खालून प्लेट द्या. पण कंपनीच्या चार भोकांवर बसेल अशी वेगळी फ्रेम करा, फ्लोरला ग्राइंडर लावू नका आणि बाकडं जपून ठेवा. उद्या पोरानं म्हटलं की आजोबांची गाडी होती तशी करायची, तर चार बोल्ट काढून होता आली पाहिजे. त्या पोस्टमधल्या माणसानं नेमकं हेच दार बंद केलं, माझा राग त्याचा आहे.

गगनबावडा_लाइन

एवढंच म्हणणं होतं तर पहिल्या पोस्टला मेबॅक कशाला काढली? माझं काम असंच केलंय. फक्त मला ते ‘तोडफोड’मध्ये मोजू नका.

बिंदू_चौक

नाही मोजत. पण शीर्षक बदलणार नाही.

उद्यमनगरी_वेल्डर

फ्रेम करायची तर एक ध्यानात ठेवा. फ्रेमची उंची सीटच्या उंचीत मिळती. म्हणून सीट घेतानाच पातळ गादीची, सपाट रेलची घ्या. आधी डोकं आणि छत यात किती अंतर उरतंय ते माणूस बसवून मोजा, मग लोखंड कापा. गगनबावडा, तुमच्या गाडीचा खालनं काढलेला फोटो टाका. प्लेट किती मिमीची घातली हाय आणि बोल्ट कुठला, ते दिसू दे.

शाहूपुरीकर_जुना

आणि माळ्यावरच्या बाकड्याची मापं पण टाका. लांबी, रेलमधलं अंतर, पायांची उंची. चौकट नवी करून घेतो मी.