परदेशी विद्यार्थ्यांच्या स्वागतासाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत राहते. इथल्या युनिव्हर्सिटीत सहा आठवड्यांच्या उन्हाळी सत्राला परदेशातून मुलं येतात. त्यांच्या स्वागताला मी यंदाही नाव दिलंय. सॅन फ्रान्सिस्को एअरपोर्टवरून बार्टने (इथली लोकल रेल्वे) डाउनटाउन बर्कलीला कसं यायचं, इथली वीज १२० व्होल्टची असल्याने घरची किटली धड तापत नाही, हे कागदावर लिहून झालंय. थंडीचं मात्र ठळक लिहायला हवं. ‘कॅलिफोर्निया’ ऐकून मुलं हाफपँटवर येतात आणि इथे जुलैतही सकाळी धुकं! गेल्या वर्षी एक मुलगी पहिल्याच दिवशी माझी शाल पांघरून बसली. शाल परत मिळाली थेट कोर्स संपल्यावर.

अडलंय ते पहिल्या संध्याकाळपाशी. तुम्ही किंवा तुमची मुलं अशा छोट्या कोर्सला गेली असाल तर सांगा, उतरल्यावर सगळ्यात आधी काय हवंसं वाटलं? गरम वरणभात न्यावा असं मनात आहे, पण कोरिया-ब्राझीलच्या मुलांना तो रुचेल का? आणि विमानातून पेंगत आलेल्यांना एकमेकांची ओळख करून घ्यायचे खेळ खेळायला लावणं मला तरी जुलूम वाटतो. ते दुसऱ्या दिवशीवर ढकलू का?