विलिखला मतांसाठी हुद्दे मिळालेल्यांच्या यादीत घालू नका
'अमेरिकी यादवी युद्धातल्या जर्मन अधिकाऱ्यांना लिंकनने फक्त मतांसाठी हुद्दे दिले' असा एक मुद्दा मांडला जातो. त्यांतल्या जनरल फ्रान्झ सिगेलबद्दल तो बराचसा पटतो. पण ऑगस्ट विलिखला त्याच माळेत ओवणं अन्याय आहे. हा मुळात प्रशिया या जर्मन राज्याचा तोफखाना अधिकारी. जर्मनीतल्या १८४९ च्या बंडात तो क्रांतिकारकांच्या बाजूने लढला, तेव्हा कार्ल मार्क्सचा सहकारी फ्रीडरिश एंगल्स त्याचा सहायक होता. अमेरिकेत आल्यावर त्याने सुतारकाम करून पोट भरलं, मग ओहायो राज्यातल्या सिनसिनाटीत जर्मन वर्तमानपत्र चालवलं. एप्रिल १८६२ मध्ये शायलोच्या लढाईत त्याची ३२ वी इंडियाना पलटण, सगळी जर्मनच, डगमगू लागली. तेव्हा शत्रूकडे पाठ करून तो सैनिकांसमोर उभा राहिला आणि गोळ्यांच्या वर्षावात त्याने त्यांच्याकडून बंदुकीची कवायत करून घेतली! ब्रिगेडियर जनरलपद त्याला यानंतर मिळालं.

मला त्याचा उत्तरार्ध जास्त भावतो. युद्धानंतर तो हॅमिल्टन काउंटीचा, म्हणजे सिनसिनाटी ज्यात येतं त्या जिल्ह्याचा, हिशेबनीस झाला. १८७० मध्ये जर्मनीत परतून साठाव्या वर्षी प्रशियाच्या सैन्यात पुन्हा भरती व्हायला निघाला. नकार मिळाला, तर गडी खचला नाही, बर्लिनमध्ये तत्त्वज्ञान शिकायला बसला. शेवटची वर्षं ओहायोतल्या सेंट मेरीज गावात गेली. १८७८ मध्ये तिथेच तो वारला.