शलाकेची रुंदी आणि स्व-केंद्रीभवन
लेसरची शलाका रुंद केली की तीव्रता घटते आणि काचेतील स्व-केंद्रीभवन (शलाकेने स्वतःच्याच तीव्रतेमुळे एका बिंदूकडे एकवटणे) टळते, असे अनुभवावरून सांगितले जाते; ते अर्धेच बरोबर आहे. तीव्रतेनुसार काचेचा वक्रीभवनांक वाढतो आणि काच भिंगासारखी वागते हे खरे. परंतु रुंद शलाकेत हा भिंगासारखा परिणाम जितका क्षीण होतो, तितकेच त्याला विरोध करणारे विवर्तनही (शलाकेचे आपोआप पसरणे) क्षीण होते, त्यामुळे रुंदी हिशेबातून गळून पडते आणि शलाका एका बिंदूत कोसळणार की नाही हे तिच्या शिखरशक्तीवर, म्हणजे क्षणिक सर्वोच्च शक्तीवर, ठरते. फ्यूज्ड सिलिका या शुद्ध काचेमध्ये १ मायक्रॉन तरंगलांबीला ही मर्यादा सुमारे ४ मेगावॅट आहे, हवेत काही गिगावॅट. रुंदीमुळे वाढते ते फक्त कोसळण्यापूर्वी शलाका कापते ते अंतर, तेही साधारणपणे तिच्या वर्गाच्या प्रमाणात. पातळ खिडकीपुरते ते पुरते, आणि वरच्या अनुभवाचे कारण बहुधा हेच असावे.

डॉना स्ट्रिकलंड आणि जेरार मूरू या भौतिकशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये म्हणूनच लेसरचा स्पंद (प्रकाशाचा अतिशय छोटा झोत) काळात ताणला, शिखरशक्ती उतरवून तो वर्धकातून नेला आणि विवर्तन जाळीच्या (प्रकाशाचे रंग वेगळे करणाऱ्या बारीक रेघांच्या पट्टीच्या) जोडीने पुन्हा आवळला. गंमत अशी की, ताणण्यासाठी वापरलेल्या १.४ किलोमीटर लांबीच्या काचतंतूत स्पंदाचा वर्णपट रुंदावण्याचे काम तीव्रतेनुसार वक्रीभवनांक बदलण्याच्या याच अरेषीय परिणामाने केले होते.