मदत हवी आहे: धुमाल आणि ढोलकीची गाणी बीटवर बसत नाहीत

रामराम मंडळी. वराती अन् १४ एप्रिलच्या मिरवणुकीसाठी डीजे सेट बांधतोय. धुमालची (वरातीतल्या वाजंत्री पथकांची) लाइव्ह रेकॉर्डिंग अन् जुनी भीमगीतं क्लिकवर (एकसारख्या टेम्पोच्या टिकटिकीवर) वाजवलेली नाहीत. मुखडा ९२ बीपीएमवर (मिनिटाला ९२ ठोके), तर शेवटच्या कडव्यात ढोलकी ९८ वर.

रेकॉर्डबॉक्समध्ये (डीजेचं सॉफ्टवेअर) नॉर्मल ॲनालिसिस अख्ख्या गाण्याला एकच टेम्पो धरतं. पहिली थाप बरोबर, पण दीड मिनिटात ग्रिड (ठोक्यांच्या खुणा) थापेच्या पुढं-मागं सरकते. डायनॅमिक लावलं तर ग्रिड थापेसोबत चालते, पण सिंकमध्ये (दोन गाण्यांचा टेम्पो आपोआप जुळवताना) ते गाणं मास्टर, म्हणजे ज्याच्यामागं दुसरं चालतं ते, असलं की दुसऱ्या डेकचा टेम्पो सारखा हलतो आणि की-लॉकमुळं (टेम्पो बदलला तरी सूर तोच ठेवणारी सोय) गळा थरथरतो. दादऱ्याच्या (सहा मात्रांचा ताल) गाण्यांत ९६ च्या जागी १४४ दाखवते, कारण सॉफ्टवेअर तीनचे गट दोनचे धरते. हा आकडा हातानं बदलावाच लागतो.

आता एबलटन लाइव्हमध्ये (संगीत बनवायचं सॉफ्टवेअर) वार्प करून, म्हणजे गाणं ताणून-आवळून, ९६ वर सरळ करून वेव्ह फाइल काढायचा विचार आहे. दर थापेवर मार्कर (टेम्पो बांधायची खूण) टाकला तर ढोलकीची झूल मरते, म्हणून दर ८ मात्रांच्या समेवरच टाकतोय.

विचारायचं एवढंच: मार्कर दर ८ मात्रांवर ठीक की १६? वार्पच्या कॉम्प्लेक्स प्रो मोडमध्ये गळा चांगला राहतो, पण ताशाची काडी बोथट होते. बीट्स मोडमध्ये उलटं. गळा अन् ताशा दोन्ही असलेल्या गाण्याला तुम्ही काय लावता? की सिंक बंद ठेवून शेवटचं कडवं लूपवर धरून पुढचं गाणं हातानंच मिळवता?