पाऊस त्यांचा आणि आपला : ‘अ रेनी डे’ वाईट कसा?

प्रश्न (औसा, जि. लातूर) :
‘सेव्ह फॉर अ रेनी डे’ याचा अर्थ गाईडात ‘संकटकाळासाठी बचत करणे’ असा दिलाय. पावसाचा दिवस म्हणजे संकट, हे कामून? आपल्याकडं पाऊस नाही आला तर संकट असतं. पाऊस, आभाळ, वीज यांचे इंग्रजी वाक्प्रचार कितीही घोकले तरी पेपरात अर्थ उलटा होतो. दुसरं म्हणजे ‘दुष्काळात तेरावा महिना’ याला एका गाईडात ‘ॲड इन्सल्ट टू इंजुरी’ दिलंय, दुसऱ्यात ‘द लास्ट स्ट्रॉ’. बरोबर कोणतं? जाणकारांनी सांगावं.

परभणी :
दादा, अर्थ उलटा होतो कारण शब्द इंग्रजी वाचले जातात आणि डोळ्यांपुढं आभाळ आपलं येतं. लंडनला वर्षाकाठी साधारण ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. मराठवाड्याची सरासरी त्याहून थोडी जास्तच आहे. म्हणजे तिकडं पाऊस फार आणि इकडं कमी, असा हिशेब नाही. आपला बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरात येतो, आणि त्यावर वर्षाची पेरणी, पाणी, चारा सगळं ठरतं. तिकडं तोच पाऊस बाराही महिने थोडा थोडा, भुरभुर असा पडत राहतो. त्याची कुणी वाट बघत नाही. तो आला की काम अडतं, कपडे वाळत नाहीत, मजुरी बुडते. म्हणून ‘अ रेनी डे’ म्हणजे हाताला काम नसलेला, खर्च मात्र असलेला दिवस.

मराठीत त्याला ‘अडीअडचणीला गाठीशी चार पैसे ठेवणे’ हेच नेमकं. वाक्यात वापरताना एक सांभाळा. हा वाक्प्रचार ‘फॉर अ रेनी डे’ असा एकवचनी आणि ‘अ’ सकट येतो. ‘फॉर द रेनी सीझन’ लिहिलं की ते पावसाळ्याच्या बेगमीचं वाक्य होतं, म्हणजे सरपण, गोवऱ्या, कडबा भरून ठेवण्याचं.

नांदेड :
वरच्या उत्तराला एक पुस्ती. इंग्रजीतला सगळाच पाऊस वाईट नाही. ‘ॲज राइट ॲज रेन’ म्हणजे ठणठणीत, अगदी व्यवस्थित. ताप उतरलेल्या माणसाबद्दल म्हणतात, ‘ही विल बी राइट ॲज रेन बाय मंडे.’ इथं अर्थाइतकाच ‘र’चा अनुप्रासही महत्त्वाचा आहे. आपल्याकडं ‘ठाकठीक’ जसं कानाला बसतं तसं.

आणि उलट बाजूनं बघा. मराठीतही पाणी नेहमी शुभ नसतं. ‘मेहनतीवर पाणी पडलं’, ‘सगळ्यावर पाणी फिरवलं’, ‘आभाळ कोसळलं’, ‘आभाळच फाटलं तर ठिगळ कुठं लावणार’ हे सगळं आपलंच आहे. ओला दुष्काळ हा शब्द मराठवाड्याला नवा नाही. त्यामुळं ‘त्यांचा पाऊस वाईट, आपला चांगला’ असं सूत्र करून पाठ केलं तर पुन्हा फसगत होईल.

परभणी :
हरकत मान्य. पण नीट बघितलं तर आपल्या वाक्प्रचारांतलं वाईट पाणी म्हणजे प्रमाणाबाहेरचं किंवा अवेळी आलेलं. साधा ‘पाऊस आला’, ‘आभाळ आलं’ यात वाईट काही नाही. उलट मृगात आभाळ भरून आलं की माणसं बांधावर उभी राहून बघतात. इंग्रजीत साधा ढगसुद्धा काळजीचा असतो. ‘अंडर अ क्लाउड’ म्हणजे संशयाच्या छायेत. ‘ही लेफ्ट द जॉब अंडर अ क्लाउड’ म्हणजे आरोपाचा डाग घेऊन नोकरी सोडली. ‘एव्हरी क्लाउड हॅज अ सिल्व्हर लायनिंग’ ही म्हण लागू पडते तीच मुळी ढग वाईट धरला म्हणून. काळ्या ढगाला चंदेरी कड असते, म्हणजे वाईटातही काही चांगलं निघतं. आपल्या शेतकऱ्याला विचाराल तर त्याला कड नको असते, काळा ढगच हवा असतो.

अंबाजोगाई :
‘दुष्काळात तेरावा महिना’ याबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण गाईडांत इथं सर्रास घोळ असतो.

आधी आपली म्हण. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं आणि सौरवर्ष ३६५ दिवसांचं. दर वर्षी ११ दिवस मागं पडतात, म्हणून साधारण ३२-३३ महिन्यांनी अधिक मास घालून मेळ बसवतात. त्या वर्षात तेरा महिने येतात. दुष्काळाच्या वर्षी धान्य बारा महिनेच पुरत नाही, त्यात वर्ष एका महिन्यानं लांबलं. आधीच असलेल्या अडचणीत आणखी भर, आणि ती घालणारा कुणी माणूस नाही. म्हणीचा हा गाभा धरून इंग्रजी पर्याय तपासायचे.

‘ॲड इन्सल्ट टू इंजुरी’ : इथं आधी नुकसान होतं आणि मग वर अपमान. बहुतेक वेळा करणारा कुणीतरी असतो. विमा कंपनीनं दावा नाकारला आणि वर खोटारडा ठरवलं, तर हे बसतं. मराठीत ‘जखमेवर मीठ चोळणे’. त्याला शब्दशः जोडीदारही इंग्रजीत आहे, ‘रब सॉल्ट इन द वूंड’.

‘द लास्ट स्ट्रॉ’ : उंटाच्या पाठीवर ओझं रचत गेलं आणि शेवटच्या एका काडीनं पाठ मोडली. इथं भर पडते हे खरं, पण जोर सहनशक्ती संपण्यावर आहे. यानंतर माणूस काहीतरी करतो : नोकरी सोडतो, तक्रार करतो, घर बदलतो. तेराव्या महिन्यानंतर कुणी काही करत नाही, सोसत राहतो. म्हणून हा पर्याय चूक.

‘इट नेव्हर रेन्स बट इट पोअर्स’ : संकटं आली की एकदमच येतात. अठराव्या शतकापासूनची म्हण आहे. यातल्या ‘बट’चा अर्थ ‘पण’ घेतला की वाक्य लागतच नाही. इथं ‘बट’ म्हणजे ‘शिवाय’ : कोसळल्याशिवाय पडतच नाही. अमेरिकेत ‘व्हेन इट रेन्स, इट पोअर्स’ म्हणतात. (तिथल्या मॉर्टन मिठाच्या कंपनीनं १९१४ पासून हेच वाक्य जाहिरातीत वापरलं. दमट हवेत मिठाचे खडे होतात, त्यांचं मीठ मात्र पावसातही भुरभुर ओतता येतं, असा श्लेष.) ही म्हण तेराव्या महिन्याच्या बरीच जवळ जाते, पण बोलण्यात.

लेखी उत्तरात सगळ्यात सुरक्षित ते साधं ‘टू मेक मॅटर्स वर्स’. नमुना घ्या. बोअरची मोटर जळाली, ती भरून आणली तोवर डीपी जळाली : ‘द पंप बर्न्ट आउट, अँड टू मेक मॅटर्स वर्स, द ट्रान्सफॉर्मर फेल्ड टू.’ हाच वाक्प्रचार दुसऱ्या वाक्याच्या आधी येतो, पहिल्याच्या नाही. आधी एक अडचण सांगितलेली असावी लागते.

प्रश्न (औसा) :
खूप उपयोग झाला सर. तेरा महिन्यांवरून आठवलं, ‘वन्स इन अ ब्लू मून’चा आपल्या अधिक मासाशी काही संबंध आहे का? का निळा चंद्र म्हणजे कधीच न होणारी गोष्ट?

अंबाजोगाई :
‘कधीच नाही’ असा अर्थ नाही. ‘फार क्वचित’, आपल्याकडचं ‘सठीसामाशी’. कधीच न होणाऱ्याला ‘व्हेन पिग्ज फ्लाय’, म्हणजे ‘सूर्य पश्चिमेला उगवेल तेव्हा’. परीक्षेत हे दोन पर्याय शेजारी शेजारी देतात, लक्ष ठेवा.

संबंध म्हणाल तर गणिताचा आहे, आणि फार सुंदर आहे. इंग्रजी महिन्यात दोन पौर्णिमा आल्या तर दुसरीला ब्लू मून म्हणतात. एकोणीस सौरवर्षांत २२८ इंग्रजी महिने बसतात आणि पौर्णिमा येतात २३५. वरच्या सात कुठल्या तरी महिन्यांत दाटीवाटीनं बसतात. आपलं पंचांग त्याच एकोणीस वर्षांत सात अधिक मास घालतं. २०२० ला अधिक आश्विन होता आणि ऑक्टोबरात दोन पौर्णिमा. २०२३ ला अधिक श्रावण आणि ऑगस्टात दोन. २०२६ ला अधिक ज्येष्ठ आणि मे महिन्यात दोन, त्यातली ३१ मेची तर अधिक ज्येष्ठाचीच पौर्णिमा.

मात्र एक गोष्ट वेगळी ठेवा. वाक्प्रचार जुना आहे, आणि ‘महिन्यातली दुसरी पौर्णिमा’ हा अर्थ पसरला तो १९४६ साली एका अमेरिकी खगोल मासिकातल्या लेखातल्या चुकीमुळं. म्हणून ‘वन्स इन अ ब्लू मून’ म्हणजे मोजून अडीच-तीन वर्षांनी, असं लिहू नका. भाव फक्त ‘क्वचित’ एवढाच.

जालना :
‘मेक हे व्हाइल द सन शाइन्स’ राहिलं. याला पुस्तकांत ‘वाहत्या गंगेत हात धुऊन घेणे’ देतात, आणि ते मला अजिबात पटत नाही. आपल्या वाक्प्रचारात संधिसाधूपणाचा वास आहे. ‘आपली पोळी भाजून घेणे’ याचंही तसंच. इंग्रजी म्हण तशी नाही. ती कष्टाची म्हण आहे.

‘हे’ म्हणजे कापून वाळवलेलं गवत. ताज्या गवतात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं. ते साधारण वीस टक्क्यांच्या खाली आणल्याशिवाय रचता येत नाही. त्यासाठी कापलेलं गवत शेतात पसरून, उलथून पालथून सलग तीन-चार दिवस ऊन द्यावं लागतं. तिकडच्या उन्हाळ्यात सलग तीन-चार दिवस ऊन मिळणं ही नशिबाची गोष्ट. मधेच सर आली की गवत काळं पडतं, बुरशी येते. ओलं रचलं तर गंजी आतून तापत जाते आणि पेटूसुद्धा शकते. परतीच्या पावसात भिजलेली सोयाबीनची बनीम (गंजी) ज्यानं हात घालून बघितली आहे, आतली वाफ आणि कुबट वास ज्याला माहीत आहे, त्याला ही म्हण समजावून सांगायची गरज नाही.

मग मराठीत काय? रूढ म्हण नाही, पण बोलीतलं ‘वाफसा आहे तोवर पेरून घे’ हे अर्थानं तंतोतंत आहे. जमीन चिखलही नाही आणि कोरडीही नाही, असे मोजके दिवस. तिकडं संधी उन्हाची, इकडं ओलीची. परीक्षेत विचारलं तर ‘संधी आहे तोवर काम उरकून घेणे’ लिहा, गंगा लिहू नका.

धाराशिव :
उरलेले थोडक्यात देतो.

‘टेक अ रेन चेक’ : अमेरिकेतल्या बेसबॉलमधून आलंय, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या काळातलं. पावसानं सामना धुऊन गेला तर तिकिटाचा तुकडा दाखवून पुढचा सामना बघता यायचा. त्यामुळं अर्थ ‘आत्ता जमत नाही, पुढं नक्की’. कायमच्या नकाराला वापरू नका, समोरचा पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावील. ‘पावसाची तपासणी’ असं भाषांतर उत्तरपत्रिकांत खरोखर सापडतं.

‘अंडर द वेदर’ : कणकण, अंग मोडून येणं, कसंतरी होणं. दवाखान्यात भरती केलेल्या माणसाला हे लागू नाही. ‘बी’, ‘फील’, ‘लुक’ अशा क्रियापदांनंतर येतं.

‘रेन ऑन समवन्स परेड’ : आनंदावर विरजण घालणे. इथं मराठी आणि इंग्रजी अगदी जुळतं.

‘स्टील समवन्स थंडर’ : १७०९ साली जॉन डेनिस नावाच्या नाटककारानं गडगडाटाचा आवाज काढण्याची नवी रीत काढली. त्याचं नाटक लवकर पडलं. थोड्याच दिवसांत त्याच नाट्यगृहात दुसऱ्या नाटकाला तोच गडगडाट त्याला ऐकू आला, आणि माझी मेघगर्जना चोरली म्हणून तो संतापला, असं सांगतात. आज अर्थ : दुसऱ्याचं कौतुक व्हायच्या वेळी आपण मधे येऊन लक्ष खेचून घेणं. ‘आयत्या बिळावर नागोबा’ याच्याशी गल्लत करू नका. नागोबा कष्ट न करता बीळ बळकावतो, हा फक्त टाळ्या पळवतो.

‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ : अर्थ माहीत असू द्या, पण बोलताना ‘इट इज पोअरिंग’ म्हणा. आता ते बरंच जुनाट वाटतं.

जालना :
घोकण्याबद्दल विचारलं होतं. वहीचं एक पान एका वाक्प्रचाराला द्या, दिवसाला तीनच्या वर नको. वर पूर्ण वाक्प्रचार, आणि त्यातला बदलता शब्द अधोरेखित. ‘समवन्स’च्या जागी ‘माय’, ‘हर’ येईल, पण ‘थंडर’च्या जागी ‘लाइटनिंग’ येणार नाही. खाली भाव लिहा : चांगला, वाईट का साधा. त्याखाली आपल्या गावातल्या प्रसंगाचं एक वाक्य, आणि शेवटी एक मुद्दाम चुकीचं वाक्य, ते का चूक ते कंसात. हे चुकीचं वाक्यच जास्त दिवस लक्षात राहतं. आठवड्यानं मराठी बाजू झाकून पान पुन्हा बघा. जो भाव आठवत नाही, त्याच्यासाठी नवं वाक्य.

प्रश्न (औसा) :
तीन वाक्यं करून बघितली, तपासाल का? एक : ‘माय फादर सेव्हज ग्रेन फॉर रेनी डे.’ दोन : ‘आय टेक रेन चेक, आय विल नेव्हर कम.’ तीन : ‘द सॉइल इज रेडी, सो मेक हे व्हाइल द सन शाइन्स.’

परभणी :
पहिल्यात ‘रेनी’च्या आधी ‘अ’ घाला. धान्यही चालेल, पैसेच पाहिजेत असं नाही. दुसरं वाक्य स्वतःलाच खोडतं, ‘रेन चेक’ म्हणजे पुढं येण्याचा शब्द देणं. ‘आय विल टेक अ रेन चेक, लेट्स मीट आफ्टर द एक्झाम’ असं करा. तिसरं व्याकरणानं बरोबर आहे, पण वाफशाच्या शेतात उभं राहून उन्हाची म्हण म्हटली की ऐकणारा गोंधळेल, त्याला खरंच गवत वाळवायचंय असं वाटेल. शेतीचं वाक्य असेल तिथं सरळ ‘लेट्स सो व्हाइल द सॉइल इज मॉइस्ट’ लिहा. म्हण दुकान, परीक्षा, नोकरी अशा दुसऱ्या प्रसंगाला ठेवा.