मदत हवी आहे: घरी केलेल्या स्टोव्हला इंधन कुठलं?

नाशिकचा_नवखा: शनिवारी रात्री साल्हेरला मुक्काम, चौघं आहोत. स्टोव्ह घरीच केलाय, मस्त झालाय. पण काल गच्चीवर पेटवला तर नुसता काळा धूर, पातेल्याचं बूड डांबरासारखं. आई ओरडली ते वेगळंच. दुसरं कुठलं इंधन वापरू? लवकर सांगा, परवा निघायचंय.

सह्यभटक्या: दुसरं म्हणजे? पहिलं कुठलं होतं? आणि स्टोव्ह वातीचा, पंपाचा की कोल्ड्रिंकचा कॅन कापलाय?

नाशिकचा_नवखा: कॅनच. कडेला सुईने सोळा भोकं पाडलीत.

जुना_गडी: पेट्रोल घाला की. आम्ही वाळूत ओतून चहा केलाय, काही होत नाही.

सह्यभटक्या: काका, कृपा करून असं लिहू नका. पेट्रोलची वाफ उणे चाळीस अंशालाही पेट घेते. कॅन तापला की आतलं उकळून भोकांतून भसकन बाहेर येईल.

जुना_गडी: मग रॉकेल. सगळ्याचीच भीती तुम्हा पोरांना.

सिडकोची_काकू: रॉकेल नुसतं ओतून भोकांतून जळतं होय? वात तरी लागते, नाहीतर पंप मारून तापलेला बर्नर. आम्ही आधी स्पिरिटचा काकडा लावायचो, विसरलात का?

गडवेडा: साल्हेर ना? वाघांब्याकडून चढा. गॅसचा छोटा सिलेंडर घ्या आणि हे उद्योग सोडा. आणि सटाण्यात जेवून निघा.

सह्यभटक्या: नवखा, काल काय जाळलंत ते अजून सांगितलं नाहीत.

नाशिकचा_नवखा: बाबांच्या रंगकामाच्या सामानातलं. वास स्पिरिटसारखाच होता. आत्ता डबा पाहिला, थिनर आहे.

सह्यभटक्या: तरीच! थिनरमध्ये टोल्युईन वगैरे असतं, काळा धूर त्याचाच. ते विषारीही आहे आणि पटकन भडकतं. कॅनला डिनेचर्ड स्पिरिटच, चपडा पॉलिशला वापरतात ते. रंगाच्या दुकानात विचारा. २५-३० मिलीत अर्धा लिटर पाणी उकळतं. त्यात मिथेनॉल असू शकतं, तोंडात जाऊ देऊ नका, पाण्याच्या बाटलीत तर अजिबात भरू नका. तंबूत पेटवायचा नाही. आणि जळत असताना वरून ओतायचं नाही, भाजण्याचे किस्से बहुतेक तिथलेच.

नाशिकचा_नवखा: सॅनिटायझर चालेल? घरी पाच लिटरचा कॅन पडून आहे.

सिडकोची_काकू: त्यात पाणी असतं रे. जेल असेल तर चिकट घाण उरते. दुकानात जा गप.

जुना_गडी: स्पिरिट वाऱ्यात टिकत नाही. लिहून ठेवा.

सह्यभटक्या: हे मात्र खरं, पत्र्याचा आडोसा न्या. पण चारही बाजूंनी बंद करू नका.

नाशिकचा_नवखा: मिळालं. दुपारी गच्चीवर पेटवला, उन्हात ज्योतच दिसेना. पेटलाय का बघायला हात नेला, बोटांवरचे केस गेले. पाणी मात्र उकळलं. ते वाघांब्याच्या वाटेचं जरा नीट सांगता का?